नाशिकला घर बघायचं तर मे महिन्यातल्या भर दुपारी

नाशिकची हवा थंड असते असं मला आजवर ज्यांनी ज्यांनी सांगितलं, त्यांच्यापैकी बहुतेकांकडे नाशिकमध्ये विकायला काहीतरी होतं. त्यामुळे माझ्या धाकट्या बहिणीचा, सुमनचा, गेल्या वर्षी एप्रिलअखेरीला फोन आला आणि ती म्हणाली, "ताई, रो-हाउसचं प्लास्टर सुरू होईल आता. तू दिवाळीत वास्तुशांतीलाच ये," तेव्हा मी म्हटलं, "दिवाळीत नाही, आत्ता येते."

"आत्ता? या उन्हात?"

"उन्हासाठीच येतेय."

माझी ओळख नसलेल्यांसाठी सांगते. मी विमा कंपनीत दावे तपासायचं काम करून निवृत्त झाले. गोदाम जळालं की जाळलं, गाडी चोरीला गेली की मेव्हण्याच्या गोठ्यात उभी आहे, हे बघण्यात माझी हयात गेली. घरचे मला शंकासुर म्हणतात आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. पण या खेपेला नुसती खोड म्हणून निघाले नव्हते. सुमनचे यजमान, अरुणराव, सातपूरला एका कारखान्यात भट्टीवर होते. बऱ्याच वर्षांपूर्वी तिथल्या अपघातात त्यांची पाठ, छाती आणि दोन्ही दंड भाजले. कातडी लावली, जखमा भरल्या, पण त्या नव्या कातडीला घाम येत नाही. आपल्याला घाम येतो म्हणून आपण उन्हाळा काढतो, हे मला तोवर माहीतच नव्हतं. अरुणरावांच्या अंगातली उष्णता आतच कोंडते. चेहरा लाल होतो, शब्द अडखळायला लागतात, एकदा तर ते स्वयंपाकघरात कोसळले होते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, ह्यांना गारव्यात ठेवा, नाहीतर एखादा उन्हाळा जिवावर बेतेल. अशा माणसाचं घर दिवाळीत बघून काय कळणार?

तर प्रवास. पुण्याहून शिवाजीनगरची सकाळची एशियाड धरली. सकाळी निघणार असाल तर डावीकडची खिडकी धरा, उजवीकडचे लोक संगमनेरपर्यंत भाजून निघतात. चाकणला ट्रकांच्या रांगेत अडकायची मनाची तयारी ठेवा. नारायणगावच्या पुढे गाडी एका हॉटेलापाशी थांबली. ड्रायव्हर-कंडक्टरची सरबराई चाललेली बघून मी तिथे चहासुद्धा घेतला नाही, घरच्या दशम्या आणि शेंगदाण्याच्या चटणीची शिदोरी सोडली. चंदनापुरीच्या घाटात गरम वारा तोंडावर यायला लागला. शेजारचे गृहस्थ मला समजावत होते, "नाशिकला पंखासुद्धा लागत नाही हो बाई. आम्ही घेऊन ठेवलाय तिथे फ्लॅट."

"राहता का तिथे?"

"नाही, आम्ही ठाण्याला असतो."

सिन्नर सोडल्यावर ते झोपले आणि नाशिकच्या द्वारका चौकात मी उतरले तरी उठले नाहीत. तिथून सातपूरला रिक्षा केली. मीटर असतो, पण तो शोभेचा. बसण्याआधी भाडं ठरवा.

सुमन भाड्यानं राहते ते घर तळमजल्यावर आहे. वर दुसरं बिऱ्हाड, पश्चिमेला भलामोठा कडुनिंब. त्यामुळे आत शिरल्यावर बरं वाटलं. कोणी ठरवून केलेलं नाही, चुकून चांगलं झालेलं घर. पण मालकाला ते पाडून तिथे इमारत उभी करायचीय, म्हणून यांना पावसाळ्यानंतर निघायचं होतं. जेवायला आमरस, कुरडया आणि मूगडाळीचं वरण होतं. शेवटचा घास घेतला आणि वीज गेली. ते भारनियमनाचे दिवस होते, दुपारचे काही तास पंखा नुसता टांगलेला असायचा. अरुणराव उठले, अंगणातल्या नळावर शर्ट पिळपिळीत भिजवला, तसाच अंगात घातला आणि स्कूटरला किक मारली.

"वर्कशॉपचे हिशेब बघून येतो, ताई. तुम्ही पडा जरा."

कारखाना सोडल्यापासून ते छोट्या वर्कशॉपवाल्यांचे हिशेब लिहितात हे मला ठाऊक होतं. पण ज्याला ऊन वर्ज्य, तो माणूस भर दुपारी, रोज? सुमनला विचारलं तर म्हणाली, "रोजच जातात गं. मन रमतं त्यांचं." मला वाटलं, इथे कुठेतरी पाणी मुरतंय.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी पाथर्डी फाट्याकडे घर बघायला गेलो. सुमननं सकाळची वेळ ठरवली होती, मी जेवणं उरकेपर्यंत हटले नाही. बिल्डर लोक घर दाखवतात ते सकाळी, आणि बुकिंग घेतात ते दसरा-पाडव्याला. वैशाखातल्या दुपारी साइटवर एकही गिऱ्हाईक नसतं. आमच्याशिवाय तिथे होता फक्त सुपरवायझर, तोही पाण्याच्या टाकीच्या सावलीत.

बैठी रो-हाउसं, एका ओळीत. सुमनचं शेवटचं. ओळीतल्या शेवटच्या घराला तिसरी बाजू मोकळी मिळते, म्हणून तिनं ते हट्टानं मागून घेतलं होतं. "तिन्ही बाजूंनी हवा खेळेल," ती म्हणाली. मी बघितलं, तिसरी बाजू पश्चिमेची. समोर झाड नाही, इमारत नाही, थेट पांडवलेण्यांच्या डोंगरापर्यंत उघडं रान. त्या बाजूनं हवा येईल तेव्हा येईल, ऊन मात्र दुपारपासून मावळेपर्यंत पाहुण्यासारखं मुक्कामाला असणार होतं.

"भिंत किती इंची?" मी सुपरवायझरला विचारलं.

"सहा इंची, मॅडम. आता सगळीकडे सहाच असते. पूर्वी नऊ बांधायचे, पण त्यात आतली जागा जाते ना."

"आणि वर गच्चीला?"

"कोबा करून देतो. थेंब गळणार नाही, गॅरंटी."

"गळायचं नाही विचारलं. तापायचं विचारलं."

"ऊन आहे म्हटल्यावर तापणारच की, मॅडम." तो हसला. "पण नाशिकला काय, संध्याकाळी वारा सुटतो."

खिडक्या सरकत्या ॲल्युमिनियमच्या. एक झडप दुसरीवर सरकते, म्हणजे पैसे पूर्ण खिडकीचे आणि वारा अर्ध्या खिडकीचा. वरचा छज्जा दर्शनी भाग देखणा दिसावा म्हणून वीतभर ठेवलेला. मी मंजूर नकाशा मागितला. सगळं नियमात होतं, एक रेघ चुकीची नव्हती. खोलीची उंची होती, सोडायची जागा होती, खिडकीचं माप होतं. त्या खिडकीतून काय आत येणार आणि त्या भिंतीतून रात्री काय बाहेर पडणार, याबद्दल एक अक्षर नव्हतं. घर पाहावं बांधून म्हणतात, पण बांधणाऱ्यांपैकी कोणी मे महिन्यात ते पाहत नाही.

सगळ्यात मोठा धक्का पुढेच होता. सुमननं कौतुकानं नैऋत्येची खोली दाखवली. पश्चिमेची भिंत हिचीच, दक्षिणेची भिंतही हिचीच. "ही आमची बेडरूम. आणि ती ईशान्येची लहान खोली देवाची."

"ही खोली कोणी ठरवली?"

"वास्तूवाल्यांनी. कर्ता पुरुष नैऋत्येलाच झोपायला हवा. आधीच्या घरात आम्ही आग्नेयेला झोपायचो. म्हणून तर..." तिनं वाक्य सोडून दिलं.

मला तिचा रागही आला आणि गलबलूनही आलं. अपघात झाला तेव्हा ती तिशीतही नव्हती. तो का झाला याचं कोणी उत्तर देईना, तेव्हा ज्यानं पहिल्यांदा उत्तर दिलं त्याच्यावर तिनं विश्वास ठेवला. सरकारी नियमात ऊन नव्हतं आणि वास्तूच्या नियमात नवऱ्याचं अंग नव्हतं. दोन्हीकडून पास झालेली ती खोली भट्टीवरच्या माणसाला पुन्हा भट्टीत झोपवणार होती. हे मी बोलले नाही. मी फक्त म्हटलं, "खोली बदलता येईल का?"

"ताई, या घरात खोट काढू नकोस," ती म्हणाली आणि माझ्यापुढे चालत रिक्षाकडे निघाली.

तिसऱ्या दिवशी सातपूरच्या वसाहतीची साप्ताहिक सुट्टी होती. कारखाने बंद, वर्कशॉपची शटरं खाली, रस्त्यावर कुत्रं नाही. तरीही जेवण झालं, वीज गेली आणि अरुणरावांनी शर्ट भिजवून स्कूटर काढली. "हिशेब बघून येतो."

बंद वर्कशॉपमध्ये कसले हिशेब? माझ्या डोक्यात पत्त्यांचा अड्डा येऊन गेला, आणखी नको ते येऊन गेलं. मी सुमनला म्हटलं कोपऱ्यावरून बर्फ आणते, आणि कोपऱ्यावरची रिक्षा धरून स्कूटरच्या मागे लागले. रिक्षावाल्याला इतका उत्साह आला की त्याला हळू चालव म्हणून सांगावं लागलं.

"बाई, पोलिसातल्या का तुम्ही?"

"त्याहून वाईट. मोठी मेव्हणी आहे."

स्कूटर वसाहतीच्या मागच्या टोकाला एका खिडक्या नसलेल्या, पांढऱ्या चौकोनी इमारतीपाशी थांबली. शीतगृह होतं. नाशिकची द्राक्षं आणि बेदाणे ठेवतात तसलं. बाकी सगळं बंद असलं तरी हे कधी बंद नसतं. अरुणराव एका जाड दारातून आत गेले. मी दहाएक मिनिटं उन्हात काढली आणि मग दार ढकललं.

"आधी दार लावा बाई, गारवा जातोय समदा!" आतून कोणीतरी ओरडलं.

मुख्य कोठाराच्या अलीकडची ती मोकळी खोली होती. एका बाजूला बेदाण्यांच्या खोक्यांची थप्पी. मधे उपड्या क्रेटवर अरुणराव बसले होते, मांडीवर पेपर, अंगावर सुकत आलेला शर्ट. मला बघून ते ताडकन उठले.

"ताई? तुम्ही? रिक्षानं आलात? किती घेतले त्यानं?"

"ते राहू द्या. इथे काय करताय?"

उत्तर ओरडणाऱ्या माणसानं दिलं. तो तिथला देखरेख करणारा, वाघ नावाचा. "रोज येऊन बसत्यात. आम्हाला काय नाय, उलट बोलायला बरं. उन्हाळाभर हाय हे यांचं."

अरुणराव पुन्हा खाली बसले. "घरी लाइट गेली की मला दुपार काढवत नाही, ताई. पंखा थांबला की छातीत कोंडल्यासारखं होतं. सुमनसमोर झालं तर ती घाबरते. म्हणून इथे येतो. संध्याकाळी बरा होऊन परत जातो."

"आणि नव्या घरात?"

"लांब पडेल, पण येईन."

"रात्री?"

त्यांनी पेपरची घडी घातली. "ती खोली तिनं माझ्यासाठी घेतलीय, ताई. मी तिथे झोपलो तर पुन्हा मला काही होणार नाही, असं तिला सांगितलंय. तिला मी कोणत्या तोंडानं सांगू की त्या खोलीतच मला होणार आहे? तुम्हीही सांगू नका. माझी शपथ आहे."

मी हो म्हटलं नाही. दावे तपासणाऱ्या माणसानं कोणाला शब्द द्यायचा नसतो. मी वाघांना विचारलं, इथे तर वीज गेलीय, मग गार कसं? मला जनरेटरचा संशय होता. "तो आतल्या कोठाराला हाय," ते म्हणाले. "हितं काय नाय. भितीत थर्माकोलचे दोन थर हायत, वरल्याचा सांधा खालच्यावर येऊ दिलेला नाय. छतालाबी तसंच. मग ऊन बाहेरच ऱ्हातं." तरी माझं समाधान होईना. मी बाहेर जाऊन पश्चिमेच्या भिंतीला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. आत येऊन त्याच भिंतीला आतून हात लावला. माठाच्या अंगासारखी होती. मी तो हात बराच वेळ काढला नाही. बेदाण्याला इतकं जपून बांधलेलं घर आणि माझ्या बहिणीच्या नवऱ्याला सहा इंच वीट! मला इतका संताप आला की वाघांनी पुढे केलेली बेदाण्यांची मूठ मी तशीच पर्समध्ये टाकली.

त्याच दिवशी दिवेलागणीला मी सुमनला पुन्हा पाथर्डी फाट्यावर नेलं. आमच्या ओळीच्या मागची ओळ आधीच पूर्ण झाली होती आणि तिथल्या शेवटच्या घरात, अगदी याच नकाशाच्या, देवळाली कॅम्पहून आलेल्या एक बाई राहत होत्या. त्यांचे यजमान सैन्यातून निवृत्त झालेले. मी पाणी मागायच्या निमित्तानं आत शिरले.

"बेडरूम बघू का हो? आमची अशीच होणार आहे."

"बघा ना. बघण्यापुरतीच आहे ती," बाई म्हणाल्या. "होळी झाली की आम्ही दार लावून घेतो आणि हॉलमध्ये गाद्या टाकतो. कॅम्पातल्या आमच्या क्वार्टरला दगडी भिंती होत्या, तिथे पांघरूण लागायचं."

सूर्य केव्हाच मावळला होता, बाहेर वारा सुटला होता. मी सुमनचा हात धरला आणि पश्चिमेच्या भिंतीवर ठेवला. तिनं तो झटकन काढला. मग माझ्याकडे न बघता स्वतःहून परत ठेवला आणि तसाच ठेवून उभी राहिली.

परतताना रिक्षात मी तिला शीतगृहाचं सांगितलं. अरुणरावांची शपथ मोडली. ती मोडल्याचा मला आजही पश्चात्ताप नाही.

"मला रोज हिशेब म्हणून सांगतात," ती एवढंच म्हणाली. मग पदर तोंडाला लावून रडली. रिक्षावाल्यानं गाण्याचा आवाज आपणहून कमी केला.

घरी गेल्यावर तिनं हातपाय धुतले, देवाजवळ समई लावली आणि तिथेच पाटावर बसून राहिली. अरुणराव एव्हाना परत आले होते, कोपऱ्यात गुन्हेगारासारखे बसले होते. बऱ्याच वेळानं ती देव्हाऱ्याकडे बघतच म्हणाली, "ताई, देव नैऋत्येला नेले तर?"

"वास्तूवाल्यांना विचार."

"त्यांना कशाला? देवांना उष्म्याचं काय? जन्मभर समईच्या धगीत बसलेत ते." मग नवऱ्याकडे वळून ती म्हणाली, "तुम्ही ईशान्येला झोपायचं. आणि उद्यापासून माझ्याशी खोटं बोललात तर बघा."

अरुणरावांनी मान डोलावली.

माझा तीन दिवसांचा मुक्काम मग लांबला, कारण खोली बदलली तरी गच्ची तीच होती. स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या आणि दर्शनी भागाची नक्षी रद्द केली. त्या जागी पश्चिमेला आतून दुसरी भिंत, मधल्या पोकळीत थर्माकोल. गच्चीवर थर्माकोलचे दोन थर, त्यावर कोबा आणि सगळ्यात वर फुटक्या पांढऱ्या फरशीचे तुकडे. छज्जे हातभर बाहेर, आणि देवाच्या म्हणजे आता अरुणरावांच्या खोलीला पूर्ण उघडणारी लाकडी खिडकी. वाचकांपैकी कोणी असं करणार असेल तर एक सांगते. कोब्याखाली काय घातलं हे कोबा झाल्यावर ब्रह्मदेवालाही दिसत नाही. म्हणून मी छत्री आणि प्लास्टिकची खुर्ची घेऊन गच्चीवर बसले. पहिल्याच दिवशी पकडलं, वरच्या थराचा सांधा खालच्या सांध्यावरच आणला होता आणि मधे बोट जाईल एवढी फट होती. सगळं उचलायला लावलं.

सुपरवायझर वैतागला. "मॅडम, तुम्ही घर बांधताय की शीतगृह?"

"शीतगृहच. आत माणूस ठेवायचाय."

त्यानंतर तो स्वतः फटी बघायला लागला. शेवटच्या दिवशी त्यानं मला हळूच विचारलं, त्याच्या पंचवटीतल्या खोलीवर पत्रा आहे, त्याच्याखाली असं काही करता येईल का. मला त्यातही आधी डाव वाटला, पण त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

पुण्याला परतले ती संध्याकाळची गाडी धरून. संध्याकाळी निघालात तर पुन्हा डावीकडेच बसा, ऊन उजवीकडून येतं. माझ्या फ्लॅटचं कुलूप काढलं आणि आधी पश्चिमेच्या भिंतीला हात लावला. इतकी वर्षं त्या भिंतीला टेकून चहा पितेय, ती रात्रीही ऊन साठवून बसते हे कधी लक्षात आलं नव्हतं. आता कोणाकडेही गेले तरी माझा हात भिंतीकडे जातो, आणि यजमानांना वाटतं मी रंग कोणता ते बघतेय.

हे सगळं मी तेव्हाच लिहिणार होते. पण दिवाळीच्या वास्तुशांतीत घर छान वाटलं त्याला काय किंमत? दिवाळीत सगळीच घरं छान असतात. थंडीत सुमन म्हणाली, उबदार आहे. मी म्हटलं, बघू. होळीनंतर म्हणाली, बरं आहे. मी म्हटलं, बघू. आता पुन्हा मे लागलाय. पाथर्डी फाट्याला वीज कधी जाते ते मला ठाऊक आहे, म्हणून आज मुद्दाम त्याच वेळेला फोन केला.

"नंतर कर," सुमन कुजबुजली.

"का? काय झालं?"

"झोपलेत."

"घरी?"

"मग कुठे? हळू बोल ना."

"लाइट आहे तुमच्याकडे?"

"केव्हाच गेलीय."

"सुमे, खरं सांग. मला बरं वाटावं म्हणून बोलत नाहीयेस ना? ते गेलेत का तिकडे?"

दार उघडल्याचा आवाज आला, मग तिनं फोन पुढे धरला असावा. अरुणराव घोरत होते. मी बराच वेळ फोन ठेवला नाही.